रमाबाई रंगवताना

रणजित देसाईंच्या ‘स्वामी’तल्या रमाबाई मी सध्या रंगवते आहे, कागदावर नव्हे, टॅबवर. ‘स्वामी’ 1962 साली आली, 1964 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि आज साठ वर्षांनंतरही ती घराघरांत वाचली जाते. आम्हा कोल्हापूरकरांना त्या पुस्तकाची माया जरा जास्तच. देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. थोरल्या माधवराव पेशव्यांची आणि रमाबाईंची ती कहाणी ज्यानं ऐन तारुण्यात वाचली, त्याच्या मनात रमाबाई कायमच्या वस्तीला येतात.

वाचताना वाटतं, हे माणूस आपल्या डोळ्यांसमोर उभं आहे. रेघ ओढायला घेतली की कळतं, आपल्याला नुसती त्याची चाहूल लागलेली होती. डोळे आठवतात, हनुवटी आठवत नाही. बोलणं कानात असतं, पण बोलताना हात कुठं असायचे ते माहीत नसतं. लेखकाला पुष्कळ गोष्टी मोकळ्या सोडता येतात. बाई दाराशी येऊन थबकली, एवढं त्यानं लिहिलं की बाकीचं वाचक भरून घेतो. चित्रात मात्र दार कसलं, उंबरा केवढा, पदर कुठल्या खांद्यावरून आलाय, उजेड कुठून येतोय, हे सगळं ठरवावं लागतं. न ठरवता पुढं जाता येत नाही. आवड आणि ओळख यांत किती अंतर असतं, ते इथं समजतं. आवडतं पात्र रंगवणं म्हणजे त्याची नीट ओळख करून घेणं, आणि ओळख झाली की तिच्याबरोबर जबाबदारीही येते. आज मला एवढंच सांगायचं आहे.

टॅबवर चित्र काढणं सोपं असतं, असा एक समज आहे. काही कष्ट खरंच वाचतात. रंग वाळायची वाट बघावी लागत नाही. चुकलेली रेघ क्षणात मागं घेता येते. लुगडं एका लेयरवर, दागिने दुसऱ्यावर, पाठीमागचा लाकडी खांब तिसऱ्यावर ठेवला, की एकाला हात लावताना दुसरं बिघडत नाही. ‘क्रिटा’सारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यामुळं रंग आणि कॅनव्हास परवडत नाहीत म्हणून कुणाचं अडत नाही. पण बघण्याचे कष्ट कुठलंच यंत्र वाचवत नाही. झूम करून नथीतला एकेक मोती रंगवत बसायचा मोह होतो; मोती तुकतुकीत होतो आणि चेहरा हातातून निसटतो. म्हणून मी अधूनमधून सगळं चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं लहान करून बघते. तेवढ्या आकारातही त्या बाई थकलेल्या आणि जाग्या दिसल्या, तर काम बरोबर चाललंय. दुसरी सोय आहे ती चित्र आरशातल्यासारखं उलटवून बघण्याची. सरळ बघून डोळे सरावतात. उलटवलं की एक भुवई वर चढलेली, जबडा एका बाजूला झुकलेला लगेच दिसतो. आपलंच चित्र आपल्याला परकं करून दाखवणारी ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते.

चेहऱ्याचा प्रश्न मोठा. रमाबाईंचं त्यांच्या काळात काढलेलं खात्रीचं चित्र आपल्यासमोर नाही. माधवराव पेशव्यांचं चित्र शोधायला जावं, तर फार वेळा जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचं चित्र समोर येतं. तो 1790 नंतरच्या काही वर्षांत पुण्यात होता आणि त्यानं रंगवले ते सवाई माधवराव. थोरले माधवराव 1772 साली गेले, सवाई माधवराव 1774 साली जन्मले. नाव एक म्हणून काकांना पुतण्याचा चेहरा मिळतो, आणि बघणाऱ्याच्या मनात तो घट्ट बसतो. रमाबाईंच्या बाबतीत वेगळंच होतं. 1987 साली गजानन जागीरदारांनी दूरदर्शनसाठी ‘स्वामी’ मालिका केली. रवींद्र मंकणी माधवराव आणि कोवळ्या वयातल्या मृणाल देव रमाबाई. ती मालिका ज्यांनी पाहिली, त्यांना पुस्तक उघडल्यावर तोच चेहरा दिसतो. त्या अभिनेत्रीचं हे केवढं मोठं यश! पण तो चेहरा उचलून मी रंगवला, तर ते चित्र मृणालताईंचं होईल, आणि माझी रमाबाईंशी ओळख व्हायची ती राहूनच जाईल.

मग चेहरा शोधायचा कुठं? मी तो माणसांत शोधते. कादंबरीतल्या शेवटच्या पर्वातल्या रमाबाई विशीतल्या आहेत. नवरा सत्तावीस वर्षांचा, हिंदुस्थानभर दरारा असलेला, आणि राजयक्ष्म्यानं दिवसेंदिवस खंगत चाललेला. राजयक्ष्मा म्हणजे क्षय. त्याचे जंतू रॉबर्ट कॉख यांना 1882 साली सापडले, आणि त्यांवरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, आलं ते 1940 नंतरच्या दशकात. थेऊरला चिंतामणीच्या सान्निध्यात बसलेल्या रमाबाईंजवळ शुश्रूषा होती, नवससायास होते, आशा होती, पण औषध नव्हतं. अशा वाट बघण्याचा चेहरा आजही दिसतो. आमच्या सीपीआर रुग्णालयाच्या व्हरांड्यात वॉर्डाबाहेर बसलेली एखादी तरुण बाई बघा. मांडीवर रिपोर्टांची पिशवी, तिच्या बंदाला बोटांचा घट्ट वेढा. पाठ भिंतीला टेकलेली, पण मान टेकलेली नाही. दाराचा आवाज झाला की आधी डोळे वळतात, मग मान. बाकी अंग जागचं हलत नाही. केस सकाळी घाईनं बांधलेले, कपाळावरची टिकली मात्र सरळ, नीट लावलेली. तिचा चेहरा मी घेत नाही, तो तिचा आहे. मी घेते ते तिचं बसणं, मानेतला तो ताठपणा. रमाबाई पेशवीण होत्या, पण आजाऱ्याच्या उशाशी बसल्यावर सगळ्या बायका एकाच तऱ्हेनं जाग्या असतात.

रंगाचं तसंच. टॅबच्या रंगचक्रात सुमारे 1 कोटी 67 लाख छटा मिळतात, आणि त्यांतली कुठलीही उचलायला बोट लावायचा अवकाश. 1772 सालच्या रंगाऱ्यापाशी नीळ होती, मंजिष्ठ आणि आल होती, लाख होती, हळद होती, करडईच्या फुलांचा कुसुंबी होता. कारखान्यात तयार होणाऱ्या जांभळ्या रंगाची वाट विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाला 1856 साली सापडली. आज लग्नाच्या हॉलमध्ये दिसणारी झगझगीत जांभळी पैठणी रमाबाईंच्या अंगावर घातली, तर तो रंग त्यांच्या मृत्यूनंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी जन्मलेला असेल. हे समजल्यावर रंगचक्र आपोआप लहान होतं, आणि लहान झाल्यावरच ते कामाचं होतं. कुसुंबी रंग फार देखणा, पण उन्हानं आणि धुण्यानं उडणारा. महिनोन्‌महिने शुश्रूषेत घालवलेल्या बाईचं लुगडं कुसुंबी असेल, तर ते खांद्यावर आणि गुडघ्यांपाशी फिकटलेलं असणार. ते फिकटपण रंगवलं, की त्यांनी बसून काढलेल्या रात्री चित्रात येतात. दागिन्यांनी जे सांगता येत नाही, ते उडालेल्या रंगानं सांगता येतं.

उजेडही त्या काळाचाच हवा. आपल्या डोळ्यांना वरून पडणाऱ्या पांढऱ्या उजेडाची सवय. समईचा उजेड खालून, जवळून आणि पिवळा येतो. हनुवटी, ओठांची कड, नाकपुडी उजळते. कपाळ आणि केस अंधारात जातात. पाठीमागच्या खांबावर माणसापेक्षा मोठी सावली पडते. वाऱ्यानं ज्योत हलली की चेहऱ्यावरचा भाव बदलल्यासारखा वाटतो. खालून आलेला उजेड चेहरा भेसूर करतो, म्हणून नाटक-सिनेमात तो बहुतेक खलपात्राच्या वाट्याला येतो. त्याच उजेडात एक प्रेमळ चेहरा प्रेमळच दिसायला हवा, ही या चित्रातली माझी सगळ्यात अवघड परीक्षा आहे.

कोल्हापुरात ही परीक्षा शंभर वर्षांपूर्वी एका मोठ्या माणसानं दिली आहे. हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या ऐतिहासिक कादंबरीवरून बाबूराव पेंटर यांनी 1923 साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. बाबूराव मूळचे चित्रकार. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता पेंटर हेच त्यांचं आडनाव होऊन बसलं. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत कॅमेरासुद्धा त्यांनी स्वतः घडवलेला. तानाजीची चढाई रात्रीची, आणि तेव्हाचे मूकपट भर उन्हात चित्रित होत. बाबूरावांनी ‘सिंहगड’साठी कृत्रिम दिव्यांचा उजेड वापरला, आणि आपल्याकडे त्या तऱ्हेचा उजेड वापरण्याचा पहिला मान त्यांना दिला जातो. आपट्यांनी शब्दांत रात्र लिहिली होती. ती डोळ्यांना दिसायची, तर कुणीतरी उजेडाचा विचार करायला हवा होता, आणि तो एका चित्रकारानं केला. आपल्या चित्रपटांची पोस्टरंही बाबूराव स्वतः रंगवत. म्हणजे कादंबरीतलं पात्र घ्यायचं, त्याचा पोशाख, त्याचं शस्त्र, त्याच्यावर पडणारा उजेड यांचा अभ्यास करायचा, आणि मग तो चेहरा गावासमोर मांडायचा, ही कोल्हापूरची जुनी विद्या आहे. हत्यार बदललं, कुंचल्याच्या जागी टॅबचं पेन आलं. विद्या तीच आहे, आणि तिची शिस्तही तीच ठेवायला हवी.

इथवरच्या गोष्टी अभ्यासानं सुटतात. एक गोष्ट अभ्यासानं सुटत नाही, ती मनालाच विचारावी लागते: क्षण कुठला रंगवायचा? 18 नोव्हेंबर 1772 रोजी माधवराव थेऊरला वारले, आणि रमाबाई सती गेल्या. हा इतिहास आहे. थेऊरला त्यांचं स्मारकही आहे. कादंबरी वाचणारा प्रत्येकजण त्या शेवटापाशी हेलावतो, आणि रमाबाई रंगवायच्या म्हटलं की ज्वाळा, हात जोडलेली तेजस्वी मूर्ती, वर आकाश, असं चित्र डोळ्यांपुढं सहज येतं. ते चित्र गाजेलही. मी ते काढणार नाही. कंपनी सरकारनं 1829 साली सतीची चाल बंद केली, तरी 1987 साली, ज्या वर्षी आपण टीव्हीवर ‘स्वामी’ बघत होतो त्याच वर्षी, राजस्थानातल्या देवराला गावात रूप कंवर ही अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या चितेवर जळून गेली. त्यानंतर देशानं नवा कायदा केला आणि सतीचा गौरव करणंही गुन्हा ठरवलं. चितेला सोनेरी रंग लावणारी चित्रं कुठवर पोचतात, हे ठाऊक असताना तसं चित्र काढणं मला पटत नाही.

आणि मला रमाबाई आवडल्या, त्या मरणामुळं नव्हेच. सोळाव्या वर्षी पानिपतानंतरचं मोडकं राज्य डोक्यावर आलेला एक मुलगा, घरात काका राघोबादादांशी कलह, बाहेर निजाम आणि हैदर, आणि या सगळ्यात ज्याच्यापाशी त्याला क्षणभर पेशवा असायची गरज नव्हती असं एक माणूस, म्हणून त्या आवडल्या. देसाईंचं मोठेपण मला त्यातच दिसतं. मोहिमा आणि तहनामे यांच्या इतिहासात ज्या बाईला दोन ओळी मिळायच्या, तिला त्यांनी घर दिलं, रुसवा दिला, हसू दिलं. मग मी तिची शेवटची घटका का रंगवू? माझ्या चित्रात पहाट व्हायला आली आहे, समईतलं तेल सरत आलंय, आतून खोकल्याची उबळ थांबली आहे आणि रमाबाईंनी ती थांबलेली ऐकली आहे. एवढाच क्षण. आपण आवडत्या पात्राचा कुठला क्षण निवडतो, त्यात त्या पात्राइतकेच आपणही उघडे होतो.

आमची शाहूपुरी ही राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, 1895 साली गुळाच्या व्यापारासाठी वसलेली पेठ. पण कलेच्या बाबतीत मला इथं सगळ्यात जास्त शिकवलं ते कुंभार गल्लीनं. गणपतीच्या आधी त्या गल्लीत ओळीनं मूर्ती उभ्या असतात. अंग रंगलेलं, पितांबर झालेलं, मुकुटावर सोनेरी लागलेली, आणि डोळ्यांच्या जागी अजून कोरं. डोळ्यांची आखणी शेवटी, आणि ती जाणत्या हातानं. आखणाऱ्याचा हात मूर्तीच्या गालाशी टेकतो, बारीक ब्रश एका दमात वरची पापणी ओढतो, आणि शेजारी चाललेलं बोलणं तेवढ्यापुरतं थांबतं. मीही रमाबाईंचे डोळे शेवटी ठेवले आहेत. टॅबवर डोळा शंभर वेळा पुसून काढता येतो, हे खरं. पण पुसता येतं म्हणून कसाही काढावा, हे मला मान्य नाही. मान, खांदे, हात, उजेड, सगळं जागच्या जागी बसल्याशिवाय ती बाई कुठं बघतेय हे मला कळणार नाही, आणि ते कळल्याशिवाय डोळे काढण्यात अर्थ नाही.

आता कुणी म्हणेल, एका कल्पित चेहऱ्यासाठी एवढा खल कशाला? आज चार ओळी टाइप केल्या की एआय काही सेकंदांत पेशवाईतली बाई काढून देतं. देतं खरं, पण त्या काही सेकंदांत आपल्याला एकही प्रश्न पडत नाही, म्हणून आपल्या हाती ओळखही लागत नाही. शिवाय इतिहासातल्या माणसाचं चित्र नुसतं चित्र राहत नाही. लोक त्यालाच इतिहास समजतात. इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचं चित्र एकेकाळी शिवाजी महाराजांचं म्हणून आपल्याकडे पूजलं जात होतं. वा. सी. बेंद्रे यांनी 1933 साली महाराजांचं अस्सल चित्र शोधून प्रसिद्ध केलं, तेव्हा ती चूक दुरुस्त झाली. महाराजांचं जे चित्र सरकारमान्य म्हणून कचेऱ्यांतून लागतं, ते रंगवलं आमच्या कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी. आज लाखो माणसं डोळे मिटल्यावर तोच चेहरा बघतात. शब्दाचंही असंच होतं. सिंहगड हे नाव तानाजीच्या आधीपासून वापरात होतं, असं जुनी पत्रं सांगतात. तरी तानाजीच्या मरणामुळं गडाला ते नाव पडलं, ही पोवाड्यांनी आणि कादंबरीनं मनात रुजवलेली गोष्टच लोकांच्या तोंडी राहिली. एवढी ताकद ज्या कामात आहे, ते काम हलक्या हातानं करू नये.

म्हणून माझं सांगणं एवढंच. तुमच्या मनातही एखादं पात्र असेल. ‘पानिपत’मधले भाऊसाहेब असतील, ‘राऊ’मधली मस्तानी असेल, ‘छावा’तल्या येसूबाई असतील. त्यांना रंगवा. चित्रकला येत नसेल तरी रंगवा, कारण रंगवायला बसलात की पुस्तक दुसऱ्यांदा आणि खऱ्या अर्थानं वाचाल. फोनवर रंगवा, टॅबवर रंगवा, वहीच्या पाठकोऱ्या पानावर रंगवा. अंगावरच्या कापडाचा रंग त्या काळी होता का, उजेड कशाचा होता, हातात काय होतं, एवढं तरी शोधा. त्यांचा असा क्षण निवडा, की तो बघून त्या माणसाचा मान वाढेल आणि आजच्या कुठल्या माणसाला इजा होणार नाही. आणि चित्र पुरं झालं की खाली आपल्या नावाबरोबर ‘कल्पनाचित्र’ हा शब्द स्पष्ट, वाचता येईल अशा अक्षरात लिहा. ज्या पात्रावर आपलं प्रेम आहे, त्याच्या बाबतीत आपण निदान एवढं खरं वागायलाच हवं.